शंभराच्या नोटांवर परदेशगमन

(मंडळाच्या मयूर विहार येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



परदेशप्रवास या विषयावर आपल्या मंडळात आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. कोणी युरोप सांगितला, कोणी अमेरिका. मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या मंडळींनी तेथील बर्फाचे आणि भाजीच्या भावांचे साद्यंत वर्णन केले. आम्ही ज्या परदेशाविषयी बोलणार आहोत, तो येथून एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि तेथे जाणारी गाडी आपल्या आनंद विहारच्या बसस्थानकावरून सुटते. विमान नाही, व्हिसा नाही. एवढ्यावरून श्रोत्यांची अपेक्षा यथायोग्य खाली आली असेल, असे धरून पुढे बोलतो.

प्रथम हा प्रवास घडला कसा, ते सांगणे अवश्य आहे. कारण आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकराने परदेशी जाण्याचे अकस्मात ठरविले, यावर आमच्या कार्यालयातील कोणीही विश्वास ठेवणार नाही. खासगी कारणासाठी देशाबाहेर जावयाचे तर आम्हांस सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. २०१५ च्या आदेशानुसार एकवीस दिवसांत निर्णय कळविला गेला नाही तर परवानगी मिळाली असे समजावयाचे असते. म्हणजे मनात आले की उठलो आणि निघालो, या मौजेला आमच्या सेवेत किमान तीन आठवडे लागतात.

२०१९ च्या दसऱ्याच्या सुटीत आम्ही सपत्नीक नेपाळच्या सहलीस जाणार होतो. रजा मंजूर होती, परवानगीचा कागद हाती होता. प्रवाशांची संख्या भरेना म्हणून सहल रद्द झाली; पैसे परत मिळाले. सौभाग्यवतींनी क्षणाचाही विलंब न लावता नाशिकचे, म्हणजे माहेरचे तिकीट काढले. राहिलो आम्ही आणि तो कागद.

दुसऱ्या दिवशी गांधी जयंती होती. सकाळी संजय सरोवराला नित्याची फेरी घालताना ही हकीकत आम्ही आमच्या स्नेह्यांस सांगितली. त्यांचे नाव व्यासपीठावरून घेतलेले त्यांना रुचणार नाही, म्हणून सारे म्हणतात तसे त्यांना अण्णा म्हणतो. ते मूळचे मिरजेचे, आमच्याहून आठ वर्षांनी वडील, आणि त्याच ऑगस्टअखेरीस सेवानिवृत्त झालेले. आम्ही १९९४ साली दिल्लीस आलो, तेव्हा पहिली गादी, पहिली शेगडी आणि पहिला मराठी शब्द ज्यांच्याकडून मिळाला, ते हेच गृहस्थ. अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, सहल रद्द झाली, परवानगी कुठे रद्द झाली आहे? ती फुकट घालवणार का? संध्याकाळी निघू."

"पण अण्णा, तुम्हांला तयारी?"

"मला आता कोणाची परवानगी लागत नाही. तयारी ती काय, दोन सदरे."

नेपाळात जाण्यास भारतीय नागरिकाला पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते. अडचण निराळीच होती. त्या काळी नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांस मनाई केलेली होती, आणि २ ऑक्टोबर असल्यामुळे बँका बंद. तेव्हा अण्णा आणि आम्ही फेज एकच्या बाजारात पाचशेच्या नोटा घेऊन शंभराच्या गोळा करीत हिंडलो. किराणा, औषधे, इस्त्रीवाला, सर्वांनी थोडा थोडा हातभार लावला. अखेर आपल्या मंडळाच्या तत्कालीन कोषाध्यक्षांकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीतील शंभराच्या नोटांचे एक पुडके निघाले. बदल्यात पाचशेच्या नोटा मोजून घेताना त्यांनी प्रत्येक नोट उजेडाकडे धरून पाहिली. पंचवीस वर्षांची ओळख एका बाजूला आणि मंडळाचा पैसा एका बाजूला, हे योग्यच होय.

दसऱ्याच्या त्या आठवड्यात आनंद विहारच्या स्थानकाचे जे रूप असते, ते आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. उत्तराखंड परिवहनच्या टनकपूरच्या गाड्यांभोवती माणसांपेक्षा बोचकी अधिक होती. कांबळी, प्रेशर कुकर, खोक्यात बांधलेले दूरदर्शन संच, मुलांच्या सायकली. नेपाळात दसऱ्यास दसैं म्हणतात, आणि आपल्याकडे गणपतीला कोकणी माणूस जसा काहीही करून गाव गाठतो, तसा हा माणूस दसैंला गाव गाठतो. त्या गर्दीत पाठीवर एकेक पिशवी असलेले आम्ही दोघेच असे होतो, की ज्यांच्या येण्याची पलीकडे कोणी वाट पाहत नव्हते. गाडी गजरौल्यास थांबली तेव्हा अण्णांनी घरून आणलेल्या दशम्या सोडल्या. मुरादाबाद, रामपूर, रुद्रपूर ही गावे झोपेत गेली, आणि सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांनंतर पहाटे बनबसा आले.

बनबसा येथे दोन देशांच्या मध्ये एक नदी आहे. अलीकडचे लोक तिला शारदा म्हणतात, पलीकडचे महाकाली. तिच्यावरील बंधारा इंग्रजांनी संयुक्त प्रांताच्या कालव्यासाठी बांधला. तो १९२८ साली पुरा झाला. बंधाऱ्यासाठी पूर्वतीरावरील जमीन हवी होती, म्हणून १९२० च्या करारान्वये नेपाळकडून सुमारे चार हजार एकर घेऊन त्याच्या मोबदल्यात तेवढीच जमीन दुसरीकडे दिली गेली. या बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच परदेशात जावयाचे. चारचाकी वाहनांना वेळा नेमलेल्या; पायी चालणाऱ्यास रस्ता मोकळा. आम्ही चालत निघालो. डाव्या हाताला धुक्यातून डोंगर, खाली दारांतून सुटणारे पाणी, आणि पुढेमागे बोचकी घेतलेल्या माणसांची रांग. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने ओळखपत्रे पाहिली आणि विचारले, "काम काय?" अण्णा म्हणाले, "काही नाही." हे उत्तर त्यास नवीन असावे. त्याने दोनदा आमच्याकडे पाहून जाऊ दिले. गड्डाचौकीला पोहोचल्यावर आम्ही घड्याळ पंधरा मिनिटे पुढे केले. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे तेवढेच आहे, आणि परदेशगमनाचा तो पहिला पुरावा आम्हांस मोठा गोड वाटला.

येथे इतिहासाविषयी दोन शब्द. अण्णांना इतिहासाचे वेड. आम्ही त्याच विषयाचे पदवीधर असूनही नोकरीने बरेचसे विसरलेलो. गड्डाचौकीच्या टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "आपण उभे आहोत ही जमीन नेपाळला का मिळाली, ठाऊक आहे? आपल्या पराभवाचे बक्षीस आहे हे." गोष्ट खरी आहे. १८१६ च्या सुगौलीच्या तहानंतर तराईचा हा पश्चिम पट्टा नेपाळच्या हातून गेला होता. १८५७ चा उठाव मोडण्यास जंगबहादूर राणा सैन्य घेऊन लखनौपर्यंत आला, आणि त्याबद्दल १८६० च्या तहाने कांचनपूर, कैलाली, बर्दिया आणि बाँके हे चार जिल्हे नेपाळास परत देण्यात आले. आजही तेथे त्यांना 'नया मुलुक' म्हणतात. पराभवानंतर नानासाहेब पेशवे आश्रयार्थ नेपाळच्या तराईतच शिरले, आणि बेगम हजरतमहल काठमांडूत राहून १८७९ साली तेथेच वारल्या. एकाच राज्याने एका हाताने उठाव मोडला आणि दुसऱ्या हाताने उठाववाल्यांच्या बायकामुलांस थारा दिला. राजकारण असेच असते, असे म्हणून अण्णांनी चहाचे पैसे दिले. भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे हिशेबास त्रास नाही.

महेंद्रनगरहून पूर्वेकडे जाणाऱ्या बसमध्ये आमच्यापुढच्या आसनावर पंचेचाळिशीचा एक गृहस्थ बसला होता. आमचे बोलणे त्याने काही वेळ ऐकले, मग वळून चक्क मराठीत विचारले, "साहेब, तुम्ही पुण्याचे का?"

अण्णांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, हे सांगता येत नाही. दिल्लीत कोणी मराठी बोलले की आपण सुखावतो. येथे परदेशात, एका नेपाळी माणसाच्या तोंडून 'चे का' हे शब्द आले होते. तो अछाम जिल्ह्यातला. वीस वर्षे पुण्यात एका सोसायटीचा चौकीदार. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून बनबसा. अत्तरियाला उतरून उत्तरेस डोंगरात दुसरी गाडी, मग अर्धा दिवस चालत घर. त्याच्याकडून आम्हांस कळले ते कोणत्या पुस्तकात सहसा सापडणार नाही. नेपाळच्या या पश्चिम भागात हिंदुस्थानात पोटासाठी जाण्यास 'कालापहाड जाणे' म्हणतात. जुना शब्द 'मुगलान'. मोगल गेले तरी त्यांच्या भाषेत आपण अजून मोगलाईतच राहतो. चौकीदाराची जागा गावातल्या गावातच फिरते. गावी परतणारा ती आपल्या माणसाच्या हवाली करतो, आणि येणारा त्याबद्दल ठरलेली रक्कम देतो. आपल्या मयूर विहारच्या फाटकांवरही एक माणूस जाऊन दुसरा येतो आणि दोघांची चेहरेपट्टी एक असते, त्याचे कारण हे असावे.

बोलता बोलता त्याने सहज विचारले, "आणि साहेब, तुम्ही घरी कधी जाणार?"

आम्ही म्हणालो, "मंगळवारी पोहोचू दिल्लीला."

अण्णा म्हणाले, "फेब्रुवारीत. कायमचा."

बंधुभगिनींनो, पंचवीस वर्षांच्या स्नेहात अण्णांनी आम्हांस न सांगितलेली बहुधा ही एकच गोष्ट असेल. घर विकण्याचे ठरले होते. मिरजेच्या वाड्यातील दोन खोल्यांची डागडुजी चालू होती. आम्हांस ते कळले, तेही एका अपरिचितास दिलेल्या उत्तरातून. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. सालवृक्षांचे रान लागले होते. अत्तरियाला तो गृहस्थ उतरला. अण्णांनी त्याचा दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून घेतला आणि त्याच्या मुलीसाठी म्हणून शंभराच्या दोन नोटा हातात कोंबल्या. तो घेईना, तेव्हा अण्णा दरडावून म्हणाले, "दसऱ्याला नाही म्हणू नये." हे वाक्य त्याला भाषेसकट समजले.

पुढला रस्ता मोठा सुरेख आहे. महेंद्र राजमार्ग या नावाचा हा मार्ग गड्डाचौकीपासून पूर्वेस काकरभिट्ट्यापर्यंत १,०२८ किलोमीटर जातो. या पश्चिम टोकाला नद्यांवर पूल नव्हते, तोवर येथील माणसास आपल्याच राजधानीस जाण्यासाठी पावसाळ्यात हिंदुस्थानातून वळसा घ्यावा लागे. कोहलपूर ते महाकाली या टप्प्यातील बावीस पूल भारताच्या साह्याने झाले. कर्णालीवरचा पूल मात्र जपानी कंपनीने बांधला. १९९३ साली पुरा झालेला, ५०० मीटर लांबीचा, एकाच उंच मनोऱ्यावरून पोलादी दोरांनी तोललेला. चिसापानी या गावी नदी डोंगरातून सपाटीवर येते, नेमका तेथेच तो आहे. पुढे भारतात हीच नदी घागरा होते. त्या रात्री आम्ही चिसापानीसच राहिलो. खोलीचे भाडे दोघांत भारतीय चारशे. भिंती फळ्यांच्या, शेजारच्या खोलीतील घोरणे विनामूल्य.

संध्याकाळी पुलावर उभे असता आम्ही अण्णांना विचारले, "हे सांगण्यासाठी मला परदेशात आणलेत?"

ते म्हणाले, "दिल्लीत सांगणार होतो. गेला महिनाभर रोज सकाळी सरोवराला फेरी मारताना ठरवून येत होतो. जमले नाही." मग बराच वेळ पाण्याकडे पाहून म्हणाले, "असे बघ. मिरजेला गेलो की आठ दिवसांनी लोक विचारतात, 'घरी परत कधी?' आणि दिल्लीत कोणी 'घरी कधी?' म्हणाले की मला मिरज दिसते. चाळीस वर्षे दोन्हीकडे हाच प्रश्न. एका जागी तरी तो संपवून टाकावा."

आम्ही वाद घातला. तो घालणे आम्हांस प्राप्तच होते. मिरजेत आता ओळखीचे कोण राहिले? वहिनींचे भजनी मंडळ येथे, दवाखाना येथे, मुलगा बंगळूरला. त्याला मिरज काय आणि दिल्ली काय, दोन्ही दूरच. ज्या गावाला तुम्ही जाणार, ते गाव १९७९ सालचे आहे, ते आता कोठे सापडणार? अण्णांनी यांतील एकही मुद्दा खोडला नाही. ते एवढेच म्हणाले, "तो अछामचा माणूस बघ. त्याच्या गावात काम नाही, दवाखाना नाही. तरी तीन दिवस गाडीत बसून चालला आहे. त्याला जाऊन तू हे मुद्दे सांगशील?" रात्री जेवताना आम्ही दोघेही या विषयावर बोललो नाही. कर्णालीचा मासा उत्तम होता, भाताच्या ढिगापुढे वरण थोडे होते, हे मात्र वहीत नोंदलेले आहे.

दुसरा दिवस सगळा बसमध्ये गेला आणि बुटवलला मुक्काम झाला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. शनिवारी सकाळी लुंबिनीस पोहोचलो. तो दिवस सप्तमीचा, फुलपातीचा. तेथून पुढे नेपाळात बसगाड्या विरळ होतात. घराघरांत घटाशेजारी जवाचे अंकुर उगवलेले; त्यांस 'जमरा' म्हणतात. आपल्याकडे घटातील धान्याचे तुरे दसऱ्यास टोपीत खोवतात, तसे ते लोक दशमीला वडीलधाऱ्यांकडून टिळा लावून घेऊन हे अंकुर कानावर खोवतात. एका घराच्या ओसरीवर हे पाहून अण्णा थबकले. त्यांच्या मातोश्री मिरजेस घट बसवीत, तो कोनाडा त्यांना आठवला असावा.

लुंबिनी ही जागा शांत आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट १९६७ साली तेथे आले, आणि त्यांच्या प्रेरणेने पुढे जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी सगळ्या परिसराचा आराखडा केला. कालव्याच्या दोहों बाजूंस देशोदेशीचे विहार आहेत. कोरियन विहारात अल्प देणगीत राहण्याजेवण्याची सोय होते. आपली ताटली आपण धुवावयाची. तेथील कोबीचे आंबटतिखट लोणचे अण्णांनी तीनदा मागून घेतले.

मायादेवीच्या मंदिराजवळ अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ साली त्याचा शोध लागला. त्यावरील लेख आम्ही सरकारी माणसाच्या दृष्टीने वाचला, आणि आमचा आदर दुणावला. राजा स्वतः येऊन गेला, येथे बुद्धाचा जन्म झाला, म्हणून या गावास करातून सूट दिली आहे आणि उत्पन्नाचा आठवा भाग एवढेच देणे ठेवले आहे. साडेचार ओळींत कारण, आदेश आणि सवलतीचे प्रमाण, तिन्ही गोष्टी आल्या. आमच्या विभागातून असे परिपत्रक काढावयाचे तर चार पाने आणि दोन जोडपत्रे लागतील, शिवाय महिनाभरात खुलासा मागविणारी पत्रे येतील ती निराळी.

त्या स्तंभाखाली बसून आम्हांस आठवण झाली ती धर्मानंद कोसंबी यांची. पैशावाचून परदेशी जाण्याची गोष्ट मराठी माणसाने काढली, तर त्यांचे नाव पहिले घेतले पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा मनुष्य, शाळेचे शिक्षण जेमतेम. मुलांच्या 'बालबोध' मासिकातील बुद्धाविषयीचा लेख वाचून त्याच्या मनाने घेतले, आणि बौद्ध धर्म शिकण्यासाठी त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली तेथून काठमांडूस गेले. जे शोधावयास गेले ते तेथे त्यांना मिळाले नाही. मग बोधगयेवरून सिलोन गाठले, आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. पुढे १९१० मध्ये हार्वर्डला गेले, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. हे सारे त्यांनी १९२४ साली 'निवेदन' या आत्मवृत्तात सांगितले आहे, आणि ते इतक्या साधेपणाने की वाचताना आपल्या प्रवासाच्या पिशवीची लाज वाटावी.

अण्णांना याच कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथातील एक मत तोंडपाठ होते. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा कोसंबी मानीत नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडत, शस्त्रे उचलण्याची वेळ येई. त्या कलहाशी ते गृहत्यागाचे कारण जोडतात. आणि जुन्या पाली सुत्तांच्या आधारे सांगतात की तो लपून गेला नाही. आईवडील रडत असता, त्यांच्यादेखत गेला.   अण्णा म्हणाले, "घर सोडणारा लपून जात नाही म्हणतात, आणि मी घरी परत चाललो आहे तर महिनाभर तुझ्यापासून लपवले. उलटेच झाले." त्यावर आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने विचारले, "मिरजेच्या खोल्यांत पाहुण्याला जागा आहे ना?" ते म्हणाले, "माडीवरची तुझीच."

सोमवारी सोनौलीच्या फाटकातून पायी भारतात आलो, घड्याळ पंधरा मिनिटे मागे केले, गोरखपूरहून रात्रीची गाडी धरली आणि दसऱ्याच्या सकाळी दिल्लीस उतरलो. दोघांचा मिळून सहा दिवसांचा खर्च नऊ हजार तीनशे चाळीस रुपये. यांत अछामच्या मुलीचे दोनशे धरलेले नाहीत. अण्णांनी ते आपल्या खाती घातले.

२०२० च्या फेब्रुवारीत अण्णा मिरजेस गेले. मार्चअखेर टाळेबंदी झाली, सीमा बंद झाल्या, आणि ज्या बंधाऱ्यावरून आम्ही चहा पिण्याच्या घाईने चालत गेलो होतो, त्याच्या अलीकडे घरी निघालेली नेपाळी माणसे अडकून पडल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा अण्णांनी मिरजेहून त्या वहीतील क्रमांकावर दूरध्वनी केला. तो गृहस्थ पुण्यातच होता. सोसायटीची मंडळी जेवणाचे पाहत होती. "दसैंला जाऊन आलो ते बरे झाले," असे तो मराठीत म्हणाला. अण्णांनी लगोलग आम्हांसही दूरध्वनी केला. मिरजेत कसे वाटते, असे विचारता म्हणाले, "गल्लीत पोरे मला 'दिल्लीवाले आजोबा' म्हणतात."

आम्हांस स्वतःला निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. नाशिक की मयूर विहार, याचा निर्णय आमच्या घरी अजून झालेला नाही. सौभाग्यवतींचे मत एक आहे आणि आमचे रोज बदलते.

अखेरीस, कोणास हा प्रवास करावयाचा असेल तर थोडी माहिती. मतदार ओळखपत्र मूळ प्रत न्यावे. नोटांचे नियम मधून मधून बदलतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत; सुटे पैसे जवळ असलेले केव्हाही बरे. थंडी सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर जावे. बंधाऱ्यावर सकाळी पोहोचेल अशी गाडी निवडावी. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र आनंद विहारहून टनकपूरच्या गाडीत जागा अडवू नये. ती ज्यांना हवी असते, ते वर्षभर आपल्याच फाटकांवर उभे असतात.